वहिनी, यंत्रणा चालू केली

वहिनी,

परवा सकाळी यंत्रणा चालू केली. सगळ्या गावांना, सगळ्या फोनांवर. या कामात तुम्हाला न विचारता घेतलेला माझा हा पहिला निर्णय.

तुमच्या तेराव्याचा मांडव अजून अंगणात उभा आहे. मांडववाल्याला फोन केला तर म्हणाला, "लग्नाच्या गडबडीत हाय भाऊ, नेतो सवडीनं." त्याच मांडवाखाली खुर्ची टाकून मी लॅपटॉप उघडला. आई चुलीपाशी होती, दादा गोठ्यात. बटण दाबायच्या आधी सवयीनं मान वळवून मागं बघितलं. वाटलं, तुम्ही मागं उभ्या राहून विचाराल, "थांबा भावजी. बिघडलं तर मागं कसं फिरायचं, ते ठरलंय का?"

ठरलेलं होतं. तुम्हीच ठरवून ठेवलं होतं. मग बटण दाबलं.

फाट्यावर तुमचा फ्लेक्स लागलाय. भावपूर्ण श्रद्धांजली, खाली अख्ख्या भावकीची नावं, वर तुमचा लग्नातला फोटो, नाकात नथ, मान खाली. त्या फ्लेक्सवरच्या बाईला मी फारसा ओळखत नाही. मी ओळखतो ती बाई मान खाली घालायची नाही. पुण्यातल्या कंपनीत दुसऱ्यांनी केलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या कामात ती मुरलेली होती, आणि घरी आली तरी ती सवय सुटत नव्हती. भाजीत मीठ जास्त झालं तर आम्ही सगळे गपचूप जेवायचो. तुम्ही म्हणायच्या, "आत्या, मीठ दोनदा पडलंय. पहिल्यांदा कधी टाकलं, आठवा बरं." आई चिडायची. मग खरंच आठवत बसायची.

मी इंजिनिअर होऊन पुण्यात टिकलो नाही, परत आलो, तेव्हा गावात जो भेटेल तो विचारायचा, "मग आता काय?" तुम्ही सुट्टीला आला होतात. तुम्ही विचारलंत, "काय येतं तुम्हाला? दाखवा." आणि मी दाखवलेल्या प्रोग्रॅममध्ये चहा संपायच्या आत सात-आठ चुका काढल्यात. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की कोणीतरी मला कामाचा माणूस धरलंय.

घरून काम करायची सोय झाली तशी तुम्ही लेकीला, ओवीला घेऊन डिंगोऱ्याला आपल्या घरी राहायला आलात. पुढं नोकरीच सोडलीत. मी तेव्हा आळेफाट्यावर कांद्याच्या वखारीच्या वरच्या खोलीत शेतकरी गटांच्या वेबसाइट करत बसलेलो. गावांच्या समितीनं बिबट्याच्या इशाऱ्याचं काम विचारलं, ते मी घरी येऊन सांगितलं आणि तुमच्या हातातलं लाटणं थांबलं.

"कुणाकुणाच्या फोनवर जाणार इशारा?"

"सगळ्यांच्या."

"सगळ्यांच्या म्हणजे? आत्यांचा बटनाचा फोन धरून?"

तिथून आपलं भांडण सुरू झालं. ते अजून मिटलेलं नाही.

काम ऐकायला सोपं होतं. बिबट्या दिसला की ज्याला दिसला त्यानं कळवायचं, आणि आजूबाजूच्या वस्त्यांना लगेच इशारा जायचा. पण जायचा कसा? पोरांच्या हातात मोठ्या स्क्रीनचे फोन, त्यांत अ‍ॅप. म्हाताऱ्यांकडं बटनाचे फोन, त्यांना आपोआप कॉल जाऊन आवाज ऐकू यायला हवा. रानातल्या वस्तीवर खांबाला भोंगा. वनखात्याच्या माणसांपुढं कॉम्प्युटरवर नकाशा. एकच निरोप, चार तोंडांनी, एकाच वेळी. एक तोंड "आला" म्हणतंय आणि दुसरं "गेला" म्हणतंय, असं एकदा जरी झालं तरी लोकांचा विश्वास उडणार.

मी म्हणालो, एक सर्व्हर घेऊ, प्रोग्रॅम लिहू, चालू करू, चुका निघतील तशा दुरुस्त करू. ऊसतोडीच्या आत व्हायला हवं. ऊस तुटायला लागला की बिबट्याचं घरच मोडतं आणि तो बांधाबांधानं हिंडायला लागतो.

तुम्ही म्हणालात, "तीन जागा लागतील."

पहिली माझी, जिथं मी लिहीन आणि मोडीन. दुसरी चाचणीची, हुबेहूब खऱ्यासारखी, पण तिथला इशारा चाचणीला तयार झालेल्या माणसांपलीकडं कुणाला जाणार नाही. तिसरी खरी. तिन्ही जागांचे सर्व्हर वेगळे, नंबरांच्या याद्या वेगळ्या, पासवर्ड वेगळे. पहिलीतून दुसरीत आणि दुसरीतून तिसरीत जायचं, मधली पायरी गाळायची नाही. "खोटी हाक एकदा घरोघर गेली ना भावजी, की खऱ्या हाकेला कोणी उठत नाही."

तुमच्या धंद्यात या जागांना एन्व्हायर्नमेंट म्हणतात. समितीच्या बैठकीत तुम्ही तो शब्द काढलात आणि सगळे एकमेकांकडं बघायला लागले. आळे गावचे एक जण म्हणाले, "ताई, वातावरन म्हंजी आमाला पाऊसपानी कळतं. ह्ये कंचं?"

तुम्ही हसला नाहीत. विचारलंत, "टोमॅटोचं नवं वाण आलं तर नर्सरीतलं रोप बघून अख्खं रान लावता का?"

"न्हाई बा. आदी चार सऱ्या लावून बगतो."

"कुठल्या रानात?"

त्यांनी जरा विचार केला. "चोपणात. चांगल्या रानात काय, काय बी येतंय."

"मग मला चाचणीला चोपण रान द्या."

समितीनं खोडदच्या शिवारातली मेंढपाळांची वस्ती दिली. समोर दुर्बिणीच्या मोठाल्या तबकड्या आभाळाकडं तोंड करून उभ्या, आणि आपल्या फोनला रेंज येती-जाती. तुम्ही फोन वर धरून वस्तीभर फिरलात आणि खुशीत म्हणालात, "याहून वाईट जागा मिळायची नाही." वस्तीवरची म्हातारी माझ्याकडं बघून म्हणाली, "ह्या बाईला वाईट आवडतंय व्हय?"

जुने फोन गोळा करायला तुम्ही घरोघर हिंडलात. काच फुटलेले, बॅटरी फुगलेले, रबर लावून बांधलेले. माझ्या फोनवर अ‍ॅप झकास वाजायचं. तुमच्या घोडेगावच्या मामांच्या फोनवर वाजलंच नाही, कारण सुप्रभातचे फोटो एवढे साठले होते की नवीन काही घ्यायला जागा नव्हती. एका फोनमध्ये बॅटरी वाचवायची म्हणून फोनच अ‍ॅपला झोपवून टाकायचा. मी दर वेळी म्हणायचो, "माझ्याकडं तर चालतंय." तुम्ही म्हणायच्या, "मग बिबट्यालाही तुमच्याकडंच यायला सांगा."

समितीतल्या गुरुजींनी इशाऱ्याचा मजकूर लिहून दिला होता. 'नागरिकांना सूचित करण्यात येते की' असा सुरू होणारा. तुम्ही म्हणालात, एवढं ऐकेपर्यंत तो शेळी घेऊन जाईल. खोलीतला पंखा बंद केलात, दार लावलंत आणि तुमच्या माहेरच्या बोलीत बोललात. "बिबट्या दिसलाय. लेकरं आत घ्या. जनावरं बांधा. एकट्यानं भाईर पडू नका." चाचणीच्या कॉलसाठी त्याच्याआधी जोडलंत, "ही चाचणी हाय. घाबरू नका." ओवी ऐकून खिदळली, "आई, तू आजीसारखी बोलतीस."

मग हौसाबाईंचं झालं.

गावाचं नाव इथं घेत नाही. ऊसतोड सुरू झाली होती, आपलं काम संपलं नव्हतं. अ‍ॅप तयार होतं. बटनाच्या फोनांचे कॉल अजून निम्मे लागत होते, निम्मे हवेत जात होते. मी रोज म्हणत होतो, जेवढं झालंय तेवढं चालू करू. तुम्ही रोज नाही म्हणत होतात. त्या दिवशी दुपारी वनरक्षकांना ओढ्याकाठी पायांचे ठसे दिसले. सरावासाठी खऱ्या बातम्या चाचणीत टाकायच्या असं ठरलेलं होतं, तशी त्यांनी टाकली. आपल्या टेबलावर मांडलेले फोन वाजले. खोडदच्या वस्तीवर वाजले. ज्या गावात ठसे होते तिथं एकही वाजला नाही, कारण ते गाव अजून जोडलेलं नव्हतं.

तुम्ही हातानं फोन लावायला घेतलेत. सरपंचांनी उचलला नाही. पोलीस पाटलांनी उचलला, देवळापाशी जाऊन लोकांना सांगितलंही. पण हौसाबाईंचं घर रानात. दिवस मावळतीला त्या उसाच्या कडेला शेळीसाठी चारा कापायला वाकल्या होत्या. वाकलेलं माणूस बिबट्याला जनावरासारखं दिसतं, असं नंतर वनरक्षक म्हणाले. सरीसरीनं ओढत नेल्याची खूण होती. एक चप्पल पाटात पडलेली.

तिसऱ्या दिवशी आपण गेलो. नको जायला, असं मी म्हणालो होतो. अंगणात माणसं बसलेली, हौसाबाईंचा मुलगा बाळू भिंतीला टेकून उभा. त्यानं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तो हळू बोलला.

"पाटील बोलले मला. तुमच्या टेबलावं वाजलं. तिकडं मेंढपाळांच्या वस्तीवं वाजलं. मंग माझ्या आईलाच का न्हाई?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "आमच्याकडं माहिती होती. आम्हाला पोचवता आली नाही."

"का न्हाई आली?"

"यंत्रणा पक्की झाली नव्हती. चालू करायची नाही, हे मी ठरवलं होतं. भावजींनी नाही."

मागून एक बाई म्हणाली, "हिची तपासनी चालू ऱ्हाऊ द्या. आमची मानसं मरू द्या."

तुम्ही तिथून उठला नाहीत. चहा कोणी दिला नाही, पाणी कोणी विचारलं नाही, तरी बसून राहिलात. माणसं राख सावडायला निघाली तेव्हा आपणही निघालो. स्कूटर तुम्ही चालवत होतात, मी मागं बसलो होतो. कालव्यापाशी मला राहवलं नाही. म्हणालो, "मी सांगत होतो. अ‍ॅप तयार होतं."

तुम्ही स्कूटर थांबवलीत. "हो," एवढंच म्हणालात. आणि पुन्हा चालू केलीत.

काही दिवसांनी बाळू वखारीचा जिना चढून वर आला. मला वाटलं भांडायला आला. त्यानं खिशातून बटनाचा एक फोन काढून टेबलावर ठेवला. आकडे पुसट झालेला, मागच्या झाकणाला चिकटपट्टी लावलेला.

"आईचा हाय. तुमच्या चाचणीत घ्या."

मी त्या फोनकडं बघत राहिलो. त्या दिवशी आपण अ‍ॅप चालू केलेलं असतं तरी या फोनवर काहीही वाजलं नसतं. मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही त्याला लागणारी चार्जरची बारीक पिन शोधत होतात. नंबरांची यादी तुम्हीच केलेली. हौसाबाईंकडं कुठला फोन होता हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं. तुम्ही कालव्यापाशी एका वाक्यात मला गप्प करू शकला असतात. त्या बाईला अंगणातच उत्तर देऊ शकला असतात. मेलेल्या माणसाच्या जिवावर भांडण जिंकायचं नाही, असं काहीतरी तुमच्या मनात असेल. मी कधी विचारलं नाही, तुम्ही कधी बोलला नाहीत.

पण वहिनी, हौसाबाईंच्या शेजारच्या घरात मोठ्या स्क्रीनचा फोन होता. तो वाजला असता तर शेजारणीनं बांधावरून हाक मारली असती. कदाचित. हेही तुम्हाला माहीत असणार, कारण त्यानंतर तुमची झोप गेली. आई सांगायची, मनीषा पहाटेपासून ओट्यावर बसलेली असते. तेव्हा मी बरोबर होतो की तुम्ही, हे त्या फोनानं ठरवलं नाही. काहीच ठरवलं नाही.

मग आपण भांडणं थांबवून कामाला लागलो. बटनाच्या फोनांचं तुम्ही हातात घेतलंत. कॉल लागला नाही तर किती वेळानं परत लावायचा, माणसानं न ऐकताच कापला तर काय, दोघांना एकदम लागला तर काय. रोज सकाळी मी पहिल्या जागेत बदल करायचो, दुपारी तो चाचणीत जायचा, आणि तुम्ही स्कूटरवरून खोडदला जाऊन बघायच्या की हौसाबाईंचा फोन वाजतोय का. तो तुम्ही कायम तुमच्याजवळ ठेवायच्या. बाकीचे फोन पिशवीत.

शेवटी दोनच चाचण्या राहिल्या. वीज बराच वेळ गेल्यावर भोंगे वाजतात का, ही एक. आणि माणूस रस्त्यानं चाललंय, एका टॉवरवरून दुसऱ्या टॉवरवर जातंय, अशा वेळी कॉल लागतो का, ही दुसरी.

त्या दिवशी तुम्ही खोडदला होतात. फोन केलात, "मी आता निघते फाट्याकडं. सगळे फोन पिशवीत आहेत, आत्यांनी थंडीसाठी दिलेलं जॅकेटही घातलंय, काळजी नको. दिवस मावळायला लागला की इशारा सोडा. मी रस्त्यात असेन, तेच हवंय. वाजले की थांबून सांगते."

मी खिडकीतून बघत बसलो. मावळतीला ऊन वखारीच्या पत्र्यावरून सरकलं तसा इशारा सोडला. तुमच्या फोनची वाट बघितली. आला नाही. म्हटलं, पोरगी कॉल विसरली असेल... असं मी तुम्हाला मनात म्हणालो वहिनी, पोरगी. तोंडावर कधी म्हणालो नसतो.

फोन आला तो दादाचा.

उसानं भरलेली ट्रॉली टायर बसल्यामुळं रस्त्यातच उभी होती. मागं दिवा नाही, साधा दगड नाही, फांदी नाही. ट्रॅक्टरवाला मदत आणायला गेला होता. उसाच्या रंगाची संध्याकाळ आणि उसाच्या रंगाची ट्रॉली. तुम्हाला ती दिसलीच नसणार. फाट्यावरच्या दवाखान्यात मी पोचलो तेव्हा डॉक्टर दादाला बाजूला घेऊन बोलत होते आणि दादा मान हलवत होता, जसा बाजारात भाव ऐकून हलवतो, तशी. पुन्हा पुन्हा.

दुधाच्या टेम्पोवाला तुमच्यापाशी पहिल्यांदा थांबला होता. तो नंतर दारावर आला तेव्हा त्यानं मला बाजूला घेतलं.

"भाऊ, एक इचारू का? म्या ताईंच्या डोस्क्याखाली टावेल देत व्हतो. तेवढ्यात पिशवीतलं सगळं फोन एकदम वाजायला लागलं. एक उचलला, तर आतून बाई बोलती, ही चाचणी हाय, घाबरू नका. समद्या फोनांतून त्येच. कोन व्हती ती बाई?"

मी म्हणालो, "त्याच."

तो खाली बसला. मीही बसलो. त्या वेळी तुम्ही होतात की गेला होतात, हे त्याला सांगता येईना. तुमचा आवाज तुमच्याच कानावर पडला असेल का, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. पडला असेल तर एवढंच वाटतं, की निदान घाबरू नका असं कोणीतरी म्हणत होतं.

सगळे फोन वाजले होते. हौसाबाईंचाही. रस्त्यात, दोन टॉवरांच्या मधोमध. ती चाचणी पास झाली, वहिनी. तुमच्या पद्धतीप्रमाणे तिच्यापुढं निकाल लिहायला हवा होता. तेरावं होईपर्यंत माझ्यानं ते झालं नाही. मग एका दुपारी खोलीत एकटा असताना 'पास' असं लिहिलं आणि लॅपटॉप बंद करून खाली वखारीत जाऊन कांद्याच्या ढिगापाशी बसलो. तिथं डोळ्यातून पाणी आलं तर कोणी काही विचारत नाही.

समितीचे लोक दारावर येऊन गेले, तेव्हा कामाचं बोलले नाहीत. नंतर एकेकाचे फोन यायला लागले. अजून एका वस्तीवर वासरू नेलं होतं. "भाऊ, घाई न्हाई आमची, तुमच्यावं काय परसंग हाय ते दिसतंय आमाला. पर ताईंचं किती ऱ्हायलंय?"

राहिलं होतं भोंग्यांचं. आणि आवाजाचं.

खऱ्या इशाऱ्यातही आवाज तुमचाच होता, फक्त चाचणीचं वाक्य नसलेला. मी दादाला विचारलं, ठेवू का. मला वाटलं होतं तो हो म्हणेल. लोकांना आवडलं असतं. फ्लेक्स लावणारी सगळी माणसं म्हणाली असती की ताई अजून राखण करतात. दादा म्हशीला पाणी दाखवत होता. वर न बघता म्हणाला, "बदल."

"दादा, तिनं एवढ्या..."

"ओवीच्या फोनवं वाजंल. पोरगी दाराकडं पळंल. आई आली म्हनून. आन् भाईर बिबट्या." त्यानं बादली खाली ठेवली. "बदल सागर."

चूक शोधायची तुमची नजर त्याला कुठून आली, वहिनी? मला ही दिसलीच नव्हती.

नवीन आवाज बाळूच्या बायकोचा घेतला. हौसाबाईंची सून. तिला वखारीच्या खोलीत बसवलं, पंखा बंद केला. पहिल्या दोन वेळा "एकट्यानं भाईर पडू नका" या वाक्यापाशी ती उठून जिन्यात गेली. तिसऱ्या वेळी सरळ म्हणाली. नवीन आवाज आधी चाचणीत टाकला, खोडदच्या वस्तीवर जाऊन ऐकला, मग खऱ्यात घेतला. मधली पायरी गाळली नाही.

भोंग्यांची चाचणी मी केली नाही. हा तो निर्णय. तुम्ही असता तर म्हणाला असता, चार तोंडांपैकी एक मुकं असताना चालू करायचं नाही. मी समितीला सांगितलं, फोन चालू करतो, भोंगे अजून करत नाही, आणि वस्तीवस्तीवर जाऊन सांगा की भोंग्याच्या भरवशावर राहू नका. अर्धं तुमचं ऐकलं, अर्धं माझं. चूक केली असेल तर ती आता मलाच निस्तरावी लागणार.

काल दुपारनंतर पहिला खरा इशारा गेला. बाळूच्याच शिवारात, तोडणी टोळीतल्या बायकांना फडाच्या टोकाला बिबट्या दिसला. खोलीतल्या स्क्रीनवर एकेका घरापुढं 'ऐकला' असं उमटत गेलं. एक म्हातारं जोडपं राहिलं होतं, त्यांना यंत्रणेनं परत लावला, परत लावला, मग लागला. तुम्ही लिहिलेला भाग तो. मी जागचा हललो नाही.

अंधार पडायच्या आत बाळूचा फोन आला.

"भाऊ, समदी घरात हायेत. शेळ्या बी. त्यो कुत्र्यामागं वस्तीपत्तोर आला व्हता, पायाचा माग हाय अंगनात. रिकामाच गेला."

"बरं झालं."

"व्हय." मग म्हणाला, "ताईंला सांगायला पायजे व्हतं राव," आणि फोन ठेवला.

म्हणून हे लिहितोय. काल त्या वस्तीवर काहीही घडलं नाही. त्याची कुठं बातमी येणार नाही. मी अजून म्हणतो की आपण आधी चालू करायला हवं होतं. उत्तर द्यायला तुम्ही नाही, म्हणजे मी जिंकलो असं होत नाही. भांडण माझ्या एकट्याच्या अंगावर टाकून गेलात, आणि मला दोन्ही बाजूंनी बोलावं लागतं. तुमची बाजू मी माझ्यापेक्षा बरी मांडतो, हे ऐकून तुम्हाला बरं वाटलं असतं.

काल फाट्यावरून घरी येताना रस्त्याच्या कडेला दादाची पिकअप उभी दिसली. ओवी आत बसलेली, खिडकीची काच वर. दादा रस्त्यात हात करून उसाचे ट्रॅक्टर थांबवत होता. त्याच्या हातात लाल रेडियमच्या पट्टीचं भेंडोळं आणि एक कात्री. थांबलेल्या ट्रॉलीच्या मागं जायचा, फडक्यानं चिखल पुसायचा, पट्टी चिकटवायचा, तळहातानं दाबून धरायचा, आणि जा म्हणून हात करायचा. हे तो किती दिवस करतोय, आम्हाला घरात माहीत नव्हतं.

मी गाडी लावेपर्यंत आणखी एक ट्रॉली थांबली होती. ड्रायव्हर तोडणीला लांबून आलेला, पोरसवदा. वरूनच ओरडला, "ओ दादा, पैसे नाहीत हां आपल्याकडं!"

"नकोत," दादा म्हणाला.

"मग कशापायी करताय? कोणी गेलं का तुमचं?"

दादा पट्टी उलगडत होता. "बायको."

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. खाली उतरला, मागं आला आणि पट्टीचं दुसरं टोक धरलं.